थट्टेत सांगितलेलं दुखणं: म्हातारपण हसतखेळत निभावण्यासाठी घरच्यांनी काय करावं

उपकेंद्राच्या पायरीवर बसून एक आबाजी मला म्हणाले होते, "सिस्टरबाई, माह्या चपला आजकाल घर सोडून पळून राह्यल्या. मी वावरात पोचतो, अन् त्या रस्त्यातच राह्यतात." सगळे हसले. मीही हसले आणि पुढच्याच्या दंडाला बीपीची पट्टी गुंडाळायला घेतली. तीन आठवड्यांनी त्यांची सून त्यांना ऑटोत घालून घेऊन आली. अंगठ्यात बाभळीचा काटा मोडून आत पू धरला होता. आबाजींना काहीच पत्ता नव्हता. बाजेच्या पायथ्याशी मुंग्या लागल्या म्हणून सुनेनं पाय पाहिला. साखर चारशेच्या घरात निघाली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली.

पायातून चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, म्हणजे तळपायाची जाणीव गेलेली असते. साखरेनं जाते, कुष्ठरोगानंही जाते. हे मला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण ते थट्टेत आलं म्हणून माझ्या कानावरून गेलं.

त्याला वीसेक वर्षं झाली. मी आता निवृत्त आहे, माझेही गुडघे बोलायला लागलेत, आणि सासूबाईंना त्यांच्या ९१व्या वर्षापर्यंत घरीच सांभाळलं आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्या विदर्भातला म्हातारा माणूस दुखणं सरळ सांगत नाही. कापसाला भाव नाही, पोराच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, नातीची फी भरायची. त्यात आपला खर्च कशाला, असं त्याला वाटतं. म्हणून तो थट्टा करतो. थट्टेनं त्याचं मन हलकं होतं हे खरंच, पण तीच त्याची अर्जीही असते. तिच्यावर हसायचं, आणि हसून झालं की ती वाचायची.

आधी थट्टा वाचायला शिका

मी ऐकलेल्या काही थट्टा आणि त्यांच्यामागे निघालेली दुखणी सांगते. तुमच्या घरात शब्द वेगळे असतील, अर्थ बहुतेक हाच निघेल.

"रात्रभर गावाची गस्त मीच घालतो." म्हणजे रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढलेली असू शकते, साखर असू शकते, किंवा दिवसभर पायावर साचलेली सूज रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघत असते. संध्याकाळी सहानंतर चहा बंद करून पाहा, पाणी दिवसा भरपूर द्या, आणि साखर तपासून घ्या. पण लघवी अजिबातच उतरेना आणि ओटीपोट फुगलं, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"लुगडं तेच हाय, पण आता दोन वेढे जास्त बसून राह्यले." हे एका मायनं मला हसतहसत सांगितलं होतं. तोवर मी शहाणी झाले होते. वजन केलं तर सहा महिन्यांत सात किलो उतरलं होतं. टीबी निघाला आणि औषधानं बराही झाला. काही न करता वजन उतरत असेल तर टीबी, साखर, थायरॉइड, कॅन्सर यांतलं काहीही असू शकतं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायला द्याच. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि टीबीचं औषध, दोन्ही फुकट आहे.

"घास घशात धरणं धरून बसते." यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आहे की नाही ते आधी विचारा. आपल्याकडे सत्तरीच्या बाया-माणसांच्या कनवटीलाही खर्ऱ्याची पन्नी असते. तोंड उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमधून जातात का पाहा. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचं. इथं मला कोणाचाही संकोच चालत नाही.

"चंद्राले जुळे झाले." हा मोतीबिंदू. "मंदिराच्या पायऱ्या कोणं वाढवल्या?" हा दम लागणं, म्हणजे रक्त कमी असेल किंवा हृदय थकलं असेल. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का पाहा, आणि रात्री झोपताना उशा वाढवाव्या लागतात का ते विचारा.

थट्टा कानावर आली की तीन प्रश्न विचारायचे: कधीपासून? दिवसातून किती वेळा? त्यानं कोणतं काम अडलं? उत्तरं एका वहीत तारीख घालून लिहा. डॉक्टरसमोर म्हातारं माणूस "काही नाही, बरा हाय" म्हणतं. तेव्हा ही वही बोलते.

हसायचं कोणी, कशावर

दुखणं ज्याचं, त्यावर पहिली थट्टा करण्याचा मानही त्याचाच. आबाजी स्वतः म्हणाले की "माह्ये कान पेन्शनीत गेले", तर मनमोकळं हसा. पण पाहुण्यांसमोर सुनेनं "यांना काही ऐकू येत नाही, बोलून फायदा नाही" म्हटलं आणि सगळे हसले, तर तो माणूस दुसऱ्या दिवसापासून सपरीत येऊन बसणं सोडतो. असं घडलेली घरं मी पाहिली आहेत. त्या माणसाला परत बाहेर आणायला महिने लागतात.

कपड्यात लघवी होणं, विसरणं आणि पोराच्या पैशावर जगणं, या तीन गोष्टींवर दुसऱ्यानं कधीच हसू नये. घरातली लेकरं हसली तर त्यांना बाजूला घेऊन समजवा, आजीसमोर रागवू नका. त्यानं आजी आणखी ओशाळते.

कानाचं म्हणाल तर आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरकडून पाहून घ्या. काडी, पिन, गरम तेल काही घालू नका. बोलताना समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, टीव्ही बंद करा आणि आवाज न चढवता सावकाश बोला. ओरडल्यानं शब्द फाटतात. एकदा समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा.

मरणाची थट्टा आली की आपण घाबरतो. सासूबाई म्हणायच्या, "माह्यं तिकीट निघालं हाय, गाडीच लेट हाय." माझे मिस्टर लगेच "असं बोलू नको माय" म्हणत आणि गोष्ट तिथंच मिटे. एकदा मी हसून विचारलं, "आत्याबाई, गाडी येईस्तोवर काय काय करायचं राह्यलं?" त्यांनी पाच मिनिटांत चार गोष्टी सांगितल्या. धाकट्या बहिणीला भेटायचं होतं. पाटल्या कोणत्या नातीला द्यायच्या ते ठरलं होतं. शेवटी दवाखान्यात नळ्या लावून ठेवायचं नाही, घरीच ठेवायचं. आणि चवथी गोष्ट, आमरस खायचा. आम्ही चारही पाळल्या. मला तो प्रश्न सुचला नसता तर यातलं काहीच आम्हाला कळलं नसतं.

बाजेपासून संडासापर्यंतची वाट

म्हातारपणात माणूस एकदा पडला की पुढचं सगळं बदलतं, म्हणून या भागावर मी सगळ्यात जास्त जोर देते. एका रात्री मी दिवे मालवून सासूबाईंच्या बाजेवरून उठले आणि सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतल्या, संडासापर्यंत गेले. बावीस पावलं होती. त्यात दोन उंबरठे, एक सैल फरशी, कूलरच्या पाण्यानं ओली झालेली जागा आणि नातवाची सायकल. तुम्हीही तुमच्या घरात अशी एकदा चालून पाहा, काय दुरुस्त करायचं ते पायालाच कळतं.

आम्ही काय केलं ते सांगते. बाजेची सुतळी ताणून घेतली, कारण ढिल्या बाजेतून उठणं म्हणजे विहिरीतून निघणं. बाजेची उंची गुडघ्याएवढी हवी, म्हणून चारही पायांखाली विटा बसवल्या आणि त्या हलत नाहीत हे स्वतः बसून पाहिलं. उंबरठ्यांना पांढरा पट्टा ओढला. रात्रभर जळणारा लहान बल्ब लावला. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपचे दोन कठडे करून घेतले, एक न्हाणीत, एक संडासात. उकिडवं बसणं जमेना तेव्हा संडासाच्या भांड्यावर मधे भोक असलेली खुर्ची ठेवली. अंगण सारवल्यावर पूर्ण वाळेपर्यंत त्या वाटेवर आडवी काठी टाकून ठेवायचो. पावसाळ्यात टॉर्च गळ्यात दोरीनं बांधलेली असे आणि बाहेर पडताना काठी आपटतच जायचं, साप-विंचवासाठी.

उठण्याचीही रीत आहे. झोपेतून उठून सरळ उभं राहिलं की रक्तदाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना जास्तच. आधी बाजेवर बसायचं, पाय खाली सोडून घोटे हलवायचे, मनात तीस आकडे मोजायचे, मगच उभं राहायचं. सासूबाई आकड्यांऐवजी सगळ्या नातवंडांची आणि पतवंडांची नावं घेत. तेवढाच वेळ लागे आणि नावंही विसरत नसत.

काठी घ्यायला माणसं लाजतात. सासूबाईंनीही वर्षभर घेतली नाही. मग एक दिवस त्यांनीच तिचं नाव "धाकटी सून" ठेवलं. "हे बोलत नाही, पण मले पडू देत नाही," असं साऱ्या गावाला सांगत. त्या दिवसापासून काठी हातातून सुटली नाही. काठीची मूठ, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यायला हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची, हे बहुतेक लोक उलटं करतात. खाली रबरी बूच असावं आणि झिजलं की बदलावं.

मांड्यांत ताकद असेल तर पडणं कमी होतं. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून, जमेल तेवढं हातांचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. जमेल तसं वाढवायचं.

आणि पडलंच कोणी तर? खुब्यात दुखतंय, पाय आखूड दिसतोय आणि बाहेर वळलाय, उभं राहता येत नाही, म्हणजे खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता. पाय ओढू नका, चोळू नका, हाड बसवणाऱ्याला बोलावू नका. आहे तसं फळीवर आडवं ठेवून १०८ला फोन करा. "या वयात ऑपरेशन कशाला" असं म्हणणारे नातेवाईक हमखास भेटतात. पण ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालं तर माणूस पुन्हा चालण्याची आशा असते. बाजेवर पडून राहिला की छातीत कफ साचतो आणि पाठीला जखमा होतात. म्हणून ऑपरेशनबद्दलचा निर्णय डॉक्टरशी बोलून घ्या, पारावर नाही.

गोळ्या

थोडक्यात सांगते. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही; ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. वाचता येत नसेल तर सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढा. किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी रोज घेतली तर पोटात जखमा करते आणि किडनी खराब करते. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या घेऊन चार दिवसांत आराम पडला आणि तोंड गोल झालं, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय धरा. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, एकाएकी बंद करू नका.

एकादशी आणि चातुर्मासात साखरेची गोळी घेऊन उपास करणारी माणसं घरोघरी आहेत. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू झालं की साखर उतरली असं समजा आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा. उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलं तर ते गोळीची मात्रा बदलून देतात.

ताटात काय

दात गेले की माणूस चहा-बिस्किटावर येतो आणि त्यातच अंगातली ताकद जाते. आपल्या स्वयंपाकात याला उत्तर आहेच. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवल्या की दाताचं काम उरत नाही. आंबील, मऊ खिचडीवर तूरडाळीचं घट्ट वरण, चून (पिठलं), उकडलेलं अंडं, दूध. डाळ, दूध किंवा अंडं यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवं. अंबाडीची भाजी कण्या घालून मऊ शिजवा. जवसाची चटणी बारीक कुटून तेलात कालवून द्या, तिखट कमी करा, पण चव मारू नका. चव गेली की जेवणावरची वासनाच उडते.

आणि माणसाला एकटं जेवायला बसवू नका. सासूबाई एकट्या अर्धी भाकर खात, नातवाच्या पंगतीत बसल्या की एक. कवळी बसवली त्या दिवशी त्यांनी नातवाला विचारलं, "माहे दात चांगले का तुहे?" त्याचे दुधाचे दात पडत होते. दोघं आरशासमोर बराच वेळ उभे होते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा आणि रोज घासा.

उन्हाळा

विदर्भातल्या मे महिन्याचं वेगळं सांगायला नको. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं दर वर्षी उष्ण शहरांच्या यादीत असतात, पारा ४५च्या पुढं जातो, आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते, घामही कमी येतो. त्यामुळे "तहान नाही" या शब्दावर विसंबू नका. तासातासाला अर्धा पेला द्या: पाणी, ताक, पन्हं, लिंबूपाणी. हृदय किंवा किडनीच्या आजारात पाण्याचं माप ठरलेलं असेल तर ते पाळा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळा लागताच डॉक्टरला एकदा विचारून घ्या.

जुलाब झाले तर घरचं पाणी असं करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मिठाचं माप चुकू देऊ नका.

कूलरच्या लोखंडी टाकीत पाणी भरताना आधी प्लग काढा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरला हात लावल्यानं दर उन्हाळ्यात माणसं जातात. हे काम म्हाताऱ्या माणसावर टाकूच नका.

अंग तापलेलं, कातडी कोरडी, बोलणं भरकटलेलं: हा उष्माघात. खिशात कांदा ठेवून हा टळत नाही. सावलीत आणा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ला फोन करा.

कागदपत्रं, म्हणजे हातात आलेला पैसा

म्हातारा माणूस खर्चाच्या धाकानं दुखणं लपवतो, म्हणून हे कागद मी औषधाइतकेच महत्त्वाचे मानते. सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आधार वर.

सत्तरी पार केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. वय आधारवरचं धरतात, तेव्हा जन्मतारीख आधी तपासा. भरती होण्यापूर्वी "हे रुग्णालय योजनेत आहे का" हे विचारायला विसरू नका. कार्डासाठी आशाताईला गाठा.

६५ वर्षांवरच्या गरीब व्यक्तीला श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत. पुढं हयातीचा दाखला वेळेत दिला नाही की पैसे थांबतात. नांगर धरून, निंदण करून बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीनवर अंगठा लागत नाही. त्यासाठी आधार केंद्रात डोळ्यांची नोंद अद्ययावत करून ठेवा. काठी, चष्मा, कानाचं यंत्र, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा ३००० रुपये खात्यात येतात. तिलाही ६५ वर्षांची अट आहे.

एसटीत ७५ वर्षांवर प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. एका बुढ्यांनी ७५ पूर्ण झाल्या दिवशी मुद्दाम एसटीनं तालुक्याला जाऊन बीपी मोजून आणलं होतं. आता दर महिन्याला जातात.

एक गोष्ट कडू आहे पण सांगते. शेत पोराच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रात "मरेपर्यंत सांभाळ करील" ही अट लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३प्रमाणे ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. पोटगीसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

काम आणि माणसं

वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे पाठीच्या कण्याच्या आजारानं बसू शकत नसत. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं. १९८५मध्ये सत्तरी ओलांडल्यावर ते गाडीत आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले. सगळ्यांना ते जमावं असं मी म्हणत नाही. पण "कंबर गेली, आता काय करणार" असं कोणी म्हटलं की मी त्यांना ही गोष्ट सांगते आणि हातात निवडायला शेंगा देते.

काम खरं हवं. करमणूक म्हणून दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच ओळखू येतं. तुरीच्या शेंगा सोलणं, वाती वळणं, दुधाचा हिशेब ठेवणं, नातवाचा पाढा ऐकणं, कोंबड्या कोंडणं, यांतलं एखादं पूर्णपणे त्यांच्याकडे द्या आणि मग त्यात ढवळाढवळ करू नका.

संध्याकाळी पारावर किंवा सामुदायिक प्रार्थनेला नेऊन बसवा. तुकडोजी महाराजांची प्रार्थना आपल्या अनेक गावांत अजून रोज होते. तिथं ज्याचा त्याचा आवाज चालतो. आणि पोळ्याला त्यांना तोरणाखाली न्या. आमच्या गावात ऐंशीचे एक बुवा दोन वर्षं घरात कोंडून बसले होते. पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पोळ्यात नेलं, आणि बुवांनी जागेवर झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं यमकाचं गाणं, रचली:

"गुडघा म्हणे बस रे, काठी म्हणे ऊठ,
दात राह्यले तीन, पण त्यायच्यातही फूट!"

सारा पोळा हसला. पुढच्या वर्षीची झडती ते श्रावण लागल्यापासूनच जुळवत होते.

हसू थांबलं किंवा वाकडं झालं तर

एकाएकी बोलणं जड झालं, हात लुळा पडला असं वाटलं तर "हसून दाखवा" म्हणा. तोंडाचा एक कोपरा खाली राहिला, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली आला, शब्द अडखळला, यातलं एक जरी दिसलं तरी पक्षाघात समजून १०८ बोलवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. उतारा काढण्यात, तेल लावण्यात ते तास घालवू नका. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

नेहमी थट्टा करणारं माणूस दोन आठवडे गप्प असेल, जेवण-झोप सुटली असेल, "माह्या जगण्यानं कोणाचं काय अडलं" असं न हसता म्हणत असेल, तर ते वय नाही, उदासीचा आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा. हे मी फार गंभीरपणे सांगते आहे.

विसरणं वाढलं, तीच थट्टा दहा मिनिटांत पाचदा ऐकू आली, तर पाचव्यांदाही हसा. "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नका. आणि डॉक्टरला दाखवा, कारण थायरॉइड किंवा बी-१२ कमी असल्यानंही विसर पडतो आणि तो सुधारतो.

बाजेवरचे दिवस

सासूबाई शेवटचे चार महिने उठल्या नाहीत. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. माकडहाड, खुबे, टाचा आणि खांद्याची पाती रोज उजेडात पाहायची. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती पांढरी न पडता लालच राहिली तर तिथं जखम सुरू झाली आहे. त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही आणि ती चोळायचीही नाही. चादरीला सुरकुती नको, ओलावा नको. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली दुमडलेली गोधडी ठेवायची.

वेळ चुकू नये म्हणून आम्ही पाळी लावली होती. दिवसा मी आणि जाऊबाई, रात्री मिस्टर आणि थोरला मुलगा. एकदा मध्यरात्री मुलगा कूस बदलत होता. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "काहून रे बापा, दोन्हीकडून शेकून राह्यला का मले?"

तो म्हणाला, "हो आजी. एका बाजूनं करपली तर माय रागावते."

त्या हसल्या. त्यानं पोटऱ्यांखालची गोधडी सारखी केली, वहीत रात्रीचे दोन लिहिले आणि चारचा गजर लावला.